विश्वास आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंची साक्ष

देवाच्या सामर्थ्यावर भरवसा ठेवणारा माणूस हातपाय गाळून बसतो आणि त्याची आज्ञा मानणारा आपली बुद्धी गहाण टाकतो, असे दोन आक्षेप ख्रिस्ती जीवनावर घेतले जातात. आळसाला विश्वास आणि भित्रेपणाला नम्रता म्हणणारी माणसे आमच्यात आहेत, तेव्हा हे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. तरीही माझे म्हणणे उलट आहे. खरा विश्वास माणसाला कामाला लावतो आणि देवाची आज्ञा मानणाराच माणसांच्या हुकमतीपुढे ताठ उभा राहतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र हा त्याचा पुरावा आहे.

आधी बुद्धीचा प्रश्न घेऊ. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्रैक्यासारख्या सिद्धांतांवरून अँग्लिकन धर्मभगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. केवळ चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून मान्य करावे, हे त्यांना पटेना. ख्रिस्त मानला, म्हणून त्याच्या नावाने बोलणारा प्रत्येक जण आपला धनी ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्र न्यायसभेपुढे माणसांपेक्षा देवाचे ऐकण्याचा जो पक्ष घेतो, तोच हा. देव सर्वश्रेष्ठ ठरला की बाकीच्या सगळ्या सत्ता आपोआप दुय्यम ठरतात.

आता कामाकडे वळू. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी सुरू झालेल्या शारदासदन या शाळेला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा आधार होता. १८९६च्या दुष्काळात मात्र रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावात मुक्तिसदन उभे राहिले, तेव्हा वाढत्या खर्चाइतकी खात्रीची मिळकत हाताशी नव्हती. प्रार्थनेबरोबर तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. पैसा तर माणसांनीच दिला, मग देवाचे सामर्थ्य कुठे, असे कोणी विचारील. ख्रिस्ती श्रद्धेला त्यात विरोध दिसत नाही. देव माणसांच्या हातांनी देतो आणि घेणाऱ्यालाही हात चालवायला लावतो.

सर्वांत कठीण आक्षेप पुढेच आहे. देवाची आज्ञा म्हणून कोणीही काहीही करील, त्याचे काय? ही भीती रास्त आहे. शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची श्रद्धा प्रामाणिक होती, म्हणून तो आक्षेप बाद होत नाही. देवाची आज्ञा मानणाऱ्यालाही समाजाला हिशेब द्यावाच लागतो. माझ्या मते कसोटी एकच आहे : आज्ञेची किंमत कोण मोजतो? गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि अखेर तो स्वतः स्वीकारला, दुसऱ्याच्या ओठी लावला नाही. रमाबाईंनीही आपला भार स्वतःच उचलला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारल्यावरही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. विश्वास हा देवाशी केलेला सौदा असता, तर तो मुलीच्या मृत्यूबरोबरच मोडला असता.

म्हणून ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी विनंती आहे : देवावर भरवसा आहे असे म्हणताना आपण कोणते काम अंगावर घेतले ते तपासा, आणि त्याची आज्ञा पाळतो असे म्हणताना तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो तेही तपासा.