चुलीचा धूर आणि आपली छाती
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)

विषय सांगितला तेव्हाच मागून कुणीतरी म्हणालं, "त्यात काय नवीन, चुलीपुढंच जन्म गेला." बरोबर आहे, म्हणूनच बोलायचंय.

गावभेटीत मावश्या सांगतात, चढावर दम लागतो, सकाळी खोकून खोकून बेडका पडतो, आता वय झालं. विडी ओढता का विचारलं की हसतात. पण विडीला हात न लावताही फुप्फुसाचा हा आजार होतो. त्याला सीओपीडी म्हणतात. धुरातले कण केसाच्या तिसाव्या भागाहून बारीक असतात, ते थेट आत खोलवर जातात. वर्षानुवर्षं असं झालं की श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद होतात, आतले हवेचे इवले इवले फुगे फाटतात. फाटलेला फुगा परत शिवता येत नाही. दम्यात मधूनमधून श्वास मोकळा होतो, यात हळूहळू कमीच होत जातो. औषधानं त्रास कमी होतो, गेलेलं फुप्फुस परत येत नाही. म्हणून तपासणी लवकर. नळीत जोरात फुंकायचं, बस्स. तिचं नाव स्पायरोमेट्री. सुई नाही, रक्त नाही.

आणि धूर चुलीचाच असतो असं नाही. मिश्री भाजताना घरभर ठसका लागतो, तो तंबाखूचाच धूर. डासांची एक कॉइल पूर्ण जळाली तर ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलंय. आपण ती दार लावून, लेकरांच्या उशाशी लावतो!

आता गॅस. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगडी घरात आली. सिलिंडर संपला की पुन्हा चूल. गटातून म्हशीला कर्ज मिळतं, सिलिंडरला मागायला बाई लाजते. "त्यातून काय कमाई?" असं विचारतात ना. माझ्या मते दवाखान्याला देतो तसंच अंतर्गत कर्ज याला द्यावं, दोन-तीन हप्त्यांत फेड. ठराव मात्र गटानंच करायचा.

चूल सुटतच नसेल तर निदान पाणी तापवायची चूल बाहेर मांडा, जळण वाळलेलं वापरा, पेटवायला प्लास्टिक नको. फुंकणी मारताना लेकरू कडेवर नको.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीही तपासायची. अशा बायकांची नावं सीआरपी ताईंकडे आजच द्या. आशाताईंना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जाऊ. तिथं फुंकायचं यंत्र नसेल तर डॉक्टरांकडून पुढची चिठ्ठी घेऊ.