तेरची हस्तिदंती पुतळी

इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस पर्वताचा स्फोट होऊन इटलीमधील पाँपेई हें नगर राखेखालीं गडप झालें, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या राखेखालून अठराव्या शतकापासून घरें निघालीं, भट्टींतले पाव निघाले, भिंतींवरचीं चित्रें निघालीं. परंतु १९३८ सालीं अमेदेओ मैउरी ह्या उत्खननकारास तेथील एका हमरस्त्यावरच्या घरांत जी वस्तु सांपडली, ती मूळची इटलीची नव्हतीच. कुजून गेलेल्या लांकडी पेटीच्या अवशेषांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति होती. उंची सुमारें २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून किंचित् अधिक. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीं. पण हातांत बांगड्यांची रास, पायांत जाडजूड वाळे, कमरेस मेखला, गळ्यांत हार आणि पाठीवर भरघोस वेणी. दोहों बाजूंस प्रसाधनाचें साहित्य घेतलेल्या दोन ठेंगण्या दासी. रोमन डोळ्यांना ती कशी दिसली असेल तें असो. मराठी डोळ्यांना तिच्या वेणीची आणि वाळ्यांची ओळख पटावी अशीच ती आहे.

शोधकांनीं तिला ‘लक्ष्मी’ म्हटलें आणि तें नांव तिला चिकटलें. वास्तविक तिच्या हातीं कमळ नाहीं, कीं शेजारीं हत्ती नाहींत. ती यक्षी असावी, असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. तिच्या मस्तकांत खुंटी बसविण्याजोगें भोंक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या नाजुक चौरंगाचा पाय असावी. म्हणजे देवघरांतली नव्हे, शृंगारघरांतली वस्तु. आज ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे.

अशीच एक हस्तिदंती पुतळी महाराष्ट्रांत, धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, तेर ह्या गांवीं आहे. तेरणेच्या कांठचें हें गांव मराठी माणसास ठाऊक आहे तें गोरोबाकाकांमुळें. संतमंडळीच्या डोक्यांवर थापटणें मारून कोणतें मडकें पक्कें आणि कोणतें कच्चें हें त्या कुंभारानें सांगितलें, आणि नामदेवांस कच्चें ठरविलें, ती कथा येथलीच. परंतु गोरोबांच्याही हजार-बाराशें वर्षें आधीं ह्या गांवाचें नांव समुद्रापलीकडे पोंचलेलें होतें. तेव्हां त्यास तगर म्हणत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमध्यें राहणाऱ्या कोणा ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तें पुस्तक ‘पेरिप्लस’ नांवानें प्रसिद्ध आहे. लेखकाचें नांव मात्र कोणासच माहीत नाहीं. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें नगर, असें तो सांगतो. बिकट मुलुखांतून गाड्या भरून पैठणचे अकीक आणि तगरचें कापड भडोच बंदरास येई. त्या कापडांत जाडेंभरडें होतें तसें तलमही होतें.

हें तगर कोठें, ह्यावर एकोणिसाव्या शतकांत पंडितांनीं बराच काथ्याकूट केला. कोणी देवगिरी सांगितलें, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ सालीं जॉन फ्लीट ह्यांनीं तेरचें नांव पुढें केलें आणि त्याच सुमारास हेन्री कझेन्स ह्यांनीं गांव प्रत्यक्ष हिंडून पाहिलें. पैठणपासून तेर निव्वळ पूर्वेस नाहीं, आग्नेयेस आहे. पण भडोच-पैठण ह्या अंतराच्या जवळजवळ निम्मेंच पैठण-तेर हें अंतर भरतें, आणि वीस दिवस व दहा दिवस ह्यांचें प्रमाणही तेंच. शिवाय शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांतून ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी अभिमानानें मिरवीत. कझेन्स ह्यांस गांवांत त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ आढळलें. त्याची मागील बाजू चौकोनी नसून लेण्यांतल्या चैत्यासारखी अर्धवर्तुळाकार आहे. मूळचें हें बौद्धांचें चैत्यगृह असावें, असें त्यांनीं अनुमान केलें. आज तेथें वामनावतारी विष्णूची पूजा चालते.

ह्या व्यापाराच्या मोबदल्यांत काय येई, ती यादी मोठी मौजेची आहे. इटलीची दारू, तांबें, कथील, शिसें, पोंवळीं, कांच, हातभर रुंदीचे रंगीबेरंगी कमरपट्टे, सोन्यारुप्याचीं नाणीं. आणि राजासाठीं रुप्याचीं भांडीं, गाणारीं मुलें व अंतःपुरासाठीं सुंदर मुली. माणसेंही दारूच्या बुधल्यांच्याच यादींत लिहिलेलीं पाहून वाचकास क्षणभर थांबावें लागतें. निर्यातीच्या यादींत हस्तिदंत आहे. रोमचा पंडित प्लिनी कुरकुर करी कीं, हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पांच कोटि सेस्टर्स गिळतो. योगायोग असा कीं, ज्या स्फोटांत ती हस्तिदंती स्त्री गाडली गेली, त्याच स्फोटांत हा प्लिनीही मरण पावला.

तगरच्या लोकांच्या घरांत ह्या दळणवळणाच्या खुणा कशा उमटल्या, तें तेरच्या पांढरीच्या टेंकाडांतून निघालेल्या वस्तूंवरून दिसतें. रोमन धर्तीचे मातीचे दिवे आहेत. रोमन नाण्यांच्या ठशांची नक्कल केलेलीं मातीचीं पदकें आहेत. त्यांस ओंवण्यासाठीं कडी ठेवलेली असे. ज्यास सोन्याचें नाणें गळ्यांत घालणें परवडत नसे, तो मातीचें घाली, ही हौस तेव्हांही होती तर! शंखाच्या बांगड्या आहेत, नाना जातींचे मणी आहेत. आणि सर्वांत देखण्या आहेत त्या पांढऱ्या, चिनी मातीसारख्या मऊ मातीच्या बाहुल्या. त्या दुहेरी सांच्यांतून काढीत: पुढची बाजू एका सांच्यांत, मागची दुसऱ्यांत, आणि मग दोन्ही अर्धीं जोडीत. त्यामुळें बाहुली पोकळ व हलकी होई आणि पाठीकडूनही घडीव दिसे. ही रीत पश्चिमेकडून आली, असें जाणते मानतात. पण बाहुल्यांचे केशसंभार, त्यांत माळलेलीं फुलें आणि दागिने सारे अस्सल येथले. परक्याची युक्ति घेऊन आपलें रूप घडविणारे हे कारागीर कोण होते, ह्याचा एकही लेख नाहीं. गोरोबांच्या कितीतरी पिढ्या आधीं त्याच नदीची माती मळणारे ते हात होते, एवढें खरें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयाचें. पाँपेईची ती स्त्री तेरचीच लेक, असें सांगण्याचा मोह कोणासही होईल. तेरच्या पुतळीशीं तिचें साम्य उघड आहे: तेच दागिने, तीच घडण. परंतु गोरोबांच्या गांवच्या गोष्टीला गोरोबांचें थापटणें लावून पाहिलेंच पाहिजे. जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें, म्हणजे प्राचीन भोगवर्धनांत, १९७३ च्या उत्खननांत हस्तिदंती काम सांपडलें आणि तेंही पाँपेईच्या मूर्तीशीं जुळतें. भोकरदन उज्जयिनी-पैठण मार्गावरचें. म. के. ढवळीकरांचा कल तिचें जन्मस्थान भोकरदन मानण्याकडे होता. त्यापूर्वीं कित्येकांनीं मथुरेचें नांव घेतलें होतें. मूर्तीच्या तळाशीं खरोष्ठी अक्षर कोरलें आहे आणि खरोष्ठी ही तर वायव्य प्रांताची लिपि. अफगाणिस्तानांत बेग्राम येथें १९३७ ते १९३९ च्या दरम्यान हस्तिदंती कामाचा मोठा सांठा निघाला, त्यामुळें त्या बाजूकडेही नजर जाते. अर्थात् जोडकाम करणाऱ्या कारागिरानें खुणेसाठीं कोरलेलें अक्षर जन्मगांव सांगतेंच असें नाहीं. एकूण पाहतां तेरचा दावा अद्याप भट्टींत आहे. मात्र ह्या घडणीचें काम दख्खनमध्यें चाले, हें मडकें पक्कें. तें तेर आणि भोकरदन ह्या दोन गांवांनीं मिळून भाजलें आहे.

तेरची ती पुतळी डोळ्यांपुढें राहिली, ह्याचें श्रेय एका गांवकऱ्यास आहे. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं गांवच्या टेंकाडांवर आणि शेतांत मिळणाऱ्या जुन्या वस्तु वर्षानुवर्षें गोळा केल्या. फुटकें खापर, अर्धी बाहुली, एक मणी. शेतकरी ज्यास ढेंकळासारखें बाजूस सारी, तें त्यांनीं उचलून ठेवलें. शासकीय उत्खननें पुढें झालीं. तेथल्या कामाचा चापेकरांचा अहवाल १९६९ सालीं निघाला. लामतुरे ह्यांचा संग्रह पुढें शासनाकडे आला आणि त्यांच्याच नांवाचें वस्तुसंग्रहालय तेरमध्यें उभें राहिलें. तगरच्या वस्तु पुण्यामुंबईस न जातां तगरांतच राहिल्या. हस्तिदंती पुतळी तेथेंच, पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांच्या शेजारीं आहे.