आपली रंगपेटी आणि मुलांचे डोळे
(उत्सवाच्या पूर्वतयारी सभेत केलेले भाषण)



उत्सव म्हटला की नाटक, नाच आणि वेशभूषा स्पर्धा आल्याच. महाराष्ट्रापासून एवढ्या दूर आपली मुले चार मराठी संवाद पाठ करतात, ती या रंगमंचामुळेच. पण पडद्यामागे एकच रंगपेटी, एकच स्पंज आणि एकच काजळ पंधरा-वीस चेहऱ्यांवरून फिरते. त्याविषयी दोन शब्द बोलतो.

इंग्लंडमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या वापरातील ४६७ प्रसाधने तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लिपस्टिक, आयलायनर, मस्कारा यांपैकी बहुतेकांत जिवाणू आढळले. सर्वांत जास्त होते ते मेकअपच्या स्पंजांत. त्यांतले ९३ टक्के स्पंज कधी धुतलेच नव्हते!

कारण साधे आहे. जिवाणू ओलाव्यात वाढतात. त्यांना रोखणारे द्रव्य कारखान्यात मिसळलेले असते, पण त्याची ताकद मर्यादित असते. प्रत्येक बोटाबरोबर नवे जंतू डबीत जातात. घट्ट झालेल्या मस्काऱ्यात पाणी घातले, की ते द्रव्यही पातळ होते. पॅनकेक तर आपण ओल्या स्पंजानेच लावतो. धडधाकट त्वचेला सहसा काही होत नाही; पण बुबुळावर ओरखडा असेल आणि तेथे स्यूडोमोनाससारखा जिवाणू पोहोचला, तर व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. शिवाय पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असतेच.

म्हणून समितीला माझ्या सूचना अशा :

१. काजळ व मस्कारा ज्याचा त्याने घरून आणावा.
२. स्पंजाचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा द्यावा व नंतर टाकून द्यावा.
३. क्रीम स्वच्छ चमच्याने बशीत काढावे. उरलेले परत डबीत घालू नये.
४. डोळे आलेल्या मुलाला मेकअप करू नये.
५. मुदत संपलेली डबी फेकावी. उघडल्यानंतरची मुदत अनेक डब्यांवर उघड्या बरणीच्या चित्रात असते. १२ एम म्हणजे बारा महिने.

ब्रेक तपासल्याशिवाय आपण रेल्वेवाले गाडी सोडत नाही. मूल रंगमंचावर सोडण्यापूर्वी रंगपेटीही तपासू या. मंडपाच्या रोषणाईपुढे हा खर्च किरकोळ आहे.

गणपती बाप्पा मोरया!