घरखरेदी, तपासणी-अहवाल आणि आपली भीड
(मंडळाच्या कळंबोली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवरांच्या ओळखी आणि जमाखर्चाचे वाचन हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. त्यांच्या जोडीला या वर्षी घरखरेदीसारख्या व्यावहारिक विषयाला स्थान मिळाले, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. सामान्य कुटुंब घर आयुष्यात बहुधा एकदाच घेते. भविष्यनिर्वाह निधी, घरातील सोने, गावाकडील एखाद्या तुकड्याची किंमत आणि त्यावर बँकेचे वीस वर्षांचे कर्ज, एवढे सर्व त्या एका सहीत पडते. म्हणून ती सही करण्यापूर्वी इमारतीच्या तपासणीचा अहवाल हाती आला, तर त्याला उत्तर काय द्यावे, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे.

प्रथम आपल्या वसाहतीकडे पाहू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या आखणीत कळंबोलीस लोखंड-पोलाद बाजार आला. त्याच्या आधाराने माथाडी कामगार, वाहतूकदार, कारकून अशी कष्टाळू वस्ती येथे वाढली. सिडकोने बांधलेल्या येथील अनेक जुन्या इमारतींनी आता तिशी ओलांडली आहे. जमीन सखल, भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवण्यासाठी धारण तलाव बांधावे लागले. २६ जुलै २००५ रोजी येथे पाणी कसे चढले होते, ते जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. खाडीजवळच्या खारट, दमट हवेत काँक्रीटमधील सळई लवकर गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते. स्लॅबचा पापुद्रा पडतो तो या कारणाने. तेथे नुसता रंग देणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावयास हवी. सोसायटीत सर्वजण तिला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. तेव्हा जुने घर घेणाऱ्याने हा अहवाल मागणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. बँकेचा मूल्यमापक घर पाहून गेला, एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही हे पाहतो. आपल्या डोक्यावरील स्लॅब पाहणे हे त्याचे मुख्य काम नव्हे.

अहवालातील भाषेने गांगरून जाण्याचेही कारण नाही. हातोडीसारख्या उपकरणाने पृष्ठभागाचा कठीणपणा अजमावतात, ध्वनिलहरी आरपार सोडून आतील पोकळी व भेगा ताडतात, आणि फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण लावून काँक्रीटचा कस पाहतात. ते गुलाबी झाले तर काँक्रीट सळईचे रक्षण करण्यास अद्याप समर्थ आहे. रंग न आला तर तेथील ती शक्ती गेली असे समजावे. शेवटी इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, त्वरित रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती आवश्यक. सी-२बी म्हणजे न हलविता मोठी दुरुस्ती शक्य. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. शेकडो ओळींपैकी प्रथम हा वर्ग आणि अहवालाची तारीख पाहावी.

केवळ वयावरून मात्र निष्कर्ष काढू नये. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली व १६ जणांचे प्राण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. उलट नीट राखलेली जुनी इमारत अनेक वर्षे निर्धास्त उभी राहते.

आता मुख्य मुद्दा. अहवाल हा न्यायालयाचा निकाल नव्हे. त्यातील प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारावा : हा दोष कोणाचा, आणि तो दूर करण्याचा खर्च कोण सोसणार?

काही दोष घराच्या आतले असतात : न्हाणीघरातील गळती, जुनी वायरिंग, खिडकीखालची ओल. त्यांची किंमत गवंड्याकडून व वायरमनकडून लेखी घ्यावी आणि तेवढ्यापुरती घासाघीस करावी. अशा दोषांसाठी चांगले घर सोडणे शहाणपणाचे नाही.

दुसरे दोष साऱ्या इमारतीचे असतात. समजा, सारख्याच आकाराची ४० घरे आहेत आणि खांब, तुळया व गच्ची यांच्या दुरुस्तीस ६० लाख रुपये लागणार आहेत. मग प्रत्येक घराच्या वाट्यास दीड लाख आले. सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे काय, विक्रेत्याने आपला हिस्सा भरला आहे काय, हे सोसायटीकडून लेखी घ्यावे. भरला नसेल तर तो किमतीतून वजा व्हावा, आणि ते करारात लिहिलेले असावे.

तिसऱ्या प्रकारच्या दोषांपुढे घासाघीस उपयोगाची नाही. सी-१ वर्ग, तिशी उलटूनही अहवाल नसणे किंवा तो दाखविण्यास नकार, शेजाऱ्याने कापलेला खांब, एका मजल्याच्या पायावर परवानगीवाचून चढविलेला दुसरा मजला. आपल्याकडील बैठ्या घरांवर असे वाढीव बांधकाम कित्येकांनी केले आहे. ते पाहून जागा मोठी मिळते असा मोह पडतो. परंतु त्याला ना पायाचा आधार, ना कागदाचा. तेथून नमस्कार करून परतावे. पुनर्विकासात मोठे घर मिळेल, असेही सांगितले जाते. करार नोंदला जाईपर्यंत ती आशा आहे, आणि आशेला घराचा भाव देऊ नये.

हे सारे आपणांस पटते, तरी हातून होत नाही. त्याचे कारण आपली भीड. विक्रेता पुष्कळदा आपल्याच ज्ञातीतला, कोणाच्या मामाचा व्याही, कोणाचा साडू. ‘घरचाच व्यवहार आहे, अहवाल कसला मागता?’ या एका वाक्यापुढे आपण नमतो. वडीलधाऱ्यांनी भीड ही भिकेची बहीण म्हटली, ती उगाच नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास साधारण दक्षतेनेही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ‘साधारण दक्षता’ हे शब्द लक्षात ठेवा. भिडेपोटी ज्याने पाहिलेच नाही, त्याला कायद्याचा आधारही दुबळा पडतो. स्कॉटलंडमध्ये तर २००८ पासून, काही अपवाद वगळता, घर विक्रीस काढताना तपासणी-अहवाल विक्रेत्यानेच पुढे ठेवावयाचा असतो. तेथे कोणी त्यास अपमान समजत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, विसार देण्यापूर्वी तपासणी करावी. ते न जमल्यास विसारपावतीतच लिहून घ्यावे की अहवालात सी-१ वा सी-२ए वर्ग निघाल्यास रक्कम पूर्ण परत मिळेल. शब्दाला शब्दाची किंमत आहे, पण कागदाने ती कमी होत नाही. दुसरी, अभियंता आपण स्वतः नेमावा; तो विक्रेत्याचा वा दलालाचा माणूस नसावा. अहवालात ‘अधिक तपासणी आवश्यक’ असे लिहिले असेल, तर ती करून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. तिसरी सूचना मंडळास आहे. आपल्या ज्ञातीत स्थापत्य अभियंते व वकील आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी ज्ञातिबांधवांचे अहवाल वाचून समजावून द्यावेत, आणि घर विकणाऱ्या ज्ञातिबंधूने अहवाल आपण होऊन पुढे ठेवावा, असा पायंडा मंडळाने पाडावा.

असा पायंडा पडला तर खरेदीदाराचा पैसा वाचेल, ही गोष्ट उघडच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी. लपविलेल्या एका भेगेपायी दोन कुटुंबांचे बोलणे कायमचे बंद होते, लग्नकार्याच्या पंगतीत पाने वेगळी मांडावी लागतात. जो व्यवहार आरंभी स्पष्ट झाला, त्यात नाते टिकते. अहवाल मागणारा आणि तो निःसंकोच देणारा, दोघेही आपल्या ज्ञातीचा मान वाढवितात, असे आपण मानू लागलो, तर आजच्या बोलण्याचे सार्थक होईल.