मोत्यांना हवा लागू द्या

लग्नघरात ऐन मुहूर्ताच्या आधी तन्मणीचा सर तुटला की काय धांदल उडते, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ठाऊक! आमच्याकडे हे झालं. सतरंजीखालून, पाटाखालून, कुणाच्या निऱ्यांमधून मोती वेचले. दोरा कुजला होता, ते समजण्यासारखं होतं. पण दिव्याखाली धरल्यावर काही मोत्यांवर केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. आजेसासूबाईंचे बसरा मोती ते. गेली अठरा वर्षं कुणी अंगावर घातलेसुद्धा नव्हते. प्लास्टिकच्या पिशवीत, घट्ट झाकणाच्या डबीत, बँकेच्या लॉकरमध्ये अगदी जपून ठेवले होते.

मैत्रिणींनो, घोटाळा त्या जपण्यातच होता. सोनं, हिरे खाणीतून येतात. मोती शिंपल्यातल्या जिवाच्या पोटी तयार होतो. अंड्याच्या कवचात असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट, एकावर एक पातळ थरांनी बसलेलं. त्या थरांना धरून ठेवणारं प्रथिन असतं आणि शेकडा दोन ते चार भाग पाणी. हवाबंद, कोरड्या जागी वर्षानुवर्षं ठेवला की हे पाणी आटतं आणि मोती तडकतो. म्हणून प्लास्टिक नको, आणि पर्स-बुटांच्या खोक्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या तर मुळीच नकोत. धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळावा, आडवा ठेवावा. खुंटीला टांगला की रेशीम ताणतं. लॉकर सोडवत नसेल, तर निदान गौरी-गणपतीला, दिवाळीला बाहेर काढून घालावा.

कापड प्रत्येक दागिन्याला वेगळं हवं. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा 10, तर मोती अडीच ते साडेचार. पाटल्या-बांगड्यांच्या ढिगात पडलेल्या मोत्यावर ओरखडे उठणारच.

दुसरा शत्रू आंबट. चिंचपेटीच्या नावात चिंच असली, तरी तिला चिंच लावू नये! चांदी उजळायची म्हणून लिंबू, सोन्यासाठी सोडा किंवा टूथपेस्ट, हे प्रयोग मोत्यावर केले तर वरची झळाळी जाते ती जातेच. घामानेही हळूहळू तेच होतं. अत्तर, पावडर, केसांवरचा फवारा सगळं आटोपलं की शेवटी मोती घालावेत आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढावेत. मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसावेत, दोरा पूर्ण वाळू द्यावा, मग ठेवावेत. नथ, कुडी पाण्यात भिजत टाकू नये. खड्यांची बैठक सुटते. जुन्या बसरा मोत्यांचा पिवळसरपणा बहुधा त्यांचा अंगचाच असतो. तो मळ समजून घासत बसू नये.

आता गाठवण्याविषयी. सर हातात धरल्यावर मोत्यांमधून दोरा दिसू लागला की समजावं, वेळ झाली. नेहमी वापरात असेल तर वर्षा-दोन वर्षांनी गाठवून घ्यावा. मोठ्या मोत्यांच्या एकेरी सरात प्रत्येक मोत्यामागे गाठ मारायला सांगावं. तुटला तरी एखादाच मोती निसटतो. दागिना देताना मात्र मोती मोजून, फोटो काढून द्या आणि जमलं तर समोर बसून गाठवून घ्या. संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण बसऱ्याच्या जागी कल्चर मोती ओवला, तर आपल्यासारखीला तो ओळखू येणार नाही. चांगला पटवेकरी अशा मोजण्याने रागवत नाही, उलट स्वतःच मोजून दाखवतो.

आमच्या पटवेकऱ्यांनी तसंच केलं. तन्मणी पुन्हा उभा राहिला. चिरा गेलेले मोती मात्र त्यांनी मागे, गोंड्याजवळ ओवले. पुढे घालण्याजोगे ते आता होणार नाहीत, म्हणाले.