दाताच्या डॉक्टरचं लायसन्स आणि राज्याची सीमा

मी विस्कॉन्सिनहून मिनेसोटाला आले, तेव्हा सामान तीन दिवसांत पोचलं. लायसन्सला पाच महिने लागले. दात तेच, हिरड्या त्याच, पण राज्य बदललं की आमच्या धंद्यात नवा अर्ज, नवी फी आणि तीच जुनी कागदपत्रं पुन्हा. तोवर घरी बसून पोळ्या!

यावर उपाय म्हणून डेंटिस्ट आणि डेंटल हायजिनिस्ट यांच्यासाठी आंतरराज्य करार झालाय. त्याला सगळे कॉम्पॅक्टच म्हणतात. तो तयार करायला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मदत केली, कारण सैनिकांच्या जोडीदारांना दर बदलीला हाच त्रास. सात राज्यांनी कायदा केला की करार लागू, अशी अट होती. ती २०२४ मध्ये पूर्ण झाली. आयोवा, टेनेसी, वॉशिंग्टन, ओहायो त्यात आहेत, आणि माझी ही दोन्ही राज्यंसुद्धा. एका सदस्य राज्याचं लायसन्स असलं की दुसऱ्यात काम करायची परवानगी मागायची, नवं लायसन्स नाही. मात्र कायदा झाला म्हणून परवानगी दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही. आधी आयोग, मग नियम, मग सगळ्या राज्यांची सामायिक नोंद.

आता आपल्या घरांतला प्रश्न. 'सुनेचं बीडीएस पुण्याचं आहे, तिला चालेल का?' नुसत्या त्या पदवीवर नाही. करारात कोडा या संस्थेची मान्यता असलेल्या कॉलेजची पदवी लागते. इथे दोन-तीन वर्षांचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगचा कोर्स करून डीडीएस किंवा डीएमडी घेतली असेल, तर ही अट पूर्ण होते. काही राज्यं परदेशी पदवीवर वेगळ्या वाटेने लायसन्स देतात. ते त्या राज्यात पक्कं, पण कॉम्पॅक्टला उपयोगाचं नाही. हायजिनिस्टलाही तीच अट, तिच्या कोर्सची. हे मला जरा अन्यायाचं वाटतं; वीस वर्षं उत्तम काम केलेली बाईसुद्धा बाहेरच राहते.

आणखी एक. पेशंट ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा. काही ठिकाणी तिथल्या कायद्याची परीक्षाही द्यावी लागते. आणि मूळ लायसन्सवर कारवाई झाली, तर बाकीच्या परवानग्याही जातात.

तेव्हा बदलीचं पत्र आलं, की घर शोधायच्या आधी नव्या राज्याच्या डेंटल बोर्डाला फोन करा. दोन गोष्टी विचारा: तुम्ही करारात आहात का, आणि परवानग्या द्यायला सुरुवात झाली का? मी आधी घर शोधलं होतं.