लकवा मारला तर आधी घड्याळ बघा

आपल्या शिरगाव-सातपाटीकडे कुणाला लकवा मारला की आधी तेल चोळणारा शोधतात. पण बिघाड हातापायात नसतो, मेंदूत असतो. तिथली रक्ताची नळी गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. वरून दोन्ही सारखंच दिसतं, फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. म्हणून घरातली रक्त पातळ करायची गोळी देऊ नका. पाणीही पाजू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन लावा. सीटी स्कॅन कुठे होतो तेही तेव्हाच विचारा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅन झाल्यावर. म्हणून माणूस शेवटचा धड कधी होता, ती वेळ लक्षात ठेवा. थोड्या वेळाने आपोआप बरं वाटलं तरी जायचंच.

आणि बीपी! ते वाढलेलं बहुतेकदा जाणवत नाही, मोजावंच लागतं. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका. खारवलेली मासळी आम्हालाही आवडते, सोडा कसं म्हणणार? पण भिजवून ते पाणी फेका, वर मीठ घालू नका. मशेरी मात्र सोडायलाच हवी. उपकेंद्रात बीपी कधी मोजतात, ते आशाताईंना याच आठवड्यात विचारा.